राखेतही पत जपणारा बँकर

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने हादरले. त्यापाठोपाठ लागलेली आग तीन दिवस धुमसत राहिली. सुमारे ३ हजार माणसे दगावली, २८ हजार इमारती नष्ट झाल्या आणि ४ लाख लोकवस्तीच्या या शहरातील निम्म्याहून अधिक रहिवासी बेघर झाले. अन्न, तंबू आणि औषधे घेऊन मदतपथके धावून आली. मात्र तंबूतून पुन्हा स्वतःच्या घरात आणि दुकानात जाण्यासाठी भांडवल कोण पुरवणार, हा प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याला उत्तर देणाऱ्यांत अमादेओ पीटर जियानिनी यांचे नाव अग्रभागी आहे.

जियानिनी यांचा जन्म ६ मे १८७० रोजी कॅलिफोर्नियातीलच सॅन होजे येथे झाला. आईवडील इटलीतील जेनोव्हा परिसरातून स्थलांतरित झालेले. अमादेओ लहान असतानाच, अवघ्या एका डॉलरच्या वादातून एका मजुराने त्यांच्या वडिलांची हत्या केली. आईने पुढे लोरेन्झो स्काटेना यांच्याशी विवाह केला. स्काटेना यांनी सॅन फ्रान्सिस्कोत फळे व भाजीपाल्याची अडत पेढी काढली. अमादेओ यांनी किशोरवयातच शाळा सोडली आणि ते या पेढीत रमले. मध्यरात्रीनंतर धक्क्यावर जाऊन माल उतरवून घ्यावा, गावोगाव फिरून शेतकऱ्यांशी सौदे करावेत, गरज पडल्यास त्यांना उचल द्यावी, असा त्यांचा दिनक्रम होता. माणसाची पत त्याच्या मालमत्तेवरून नव्हे, तर त्याच्या व्यवहारावरून जोखावी, हा धडा त्यांना तेथेच मिळाला.

सासऱ्यांच्या निधनानंतर एका लहान बँकेच्या संचालक मंडळावर त्यांची वर्णी लागली. लहान कर्जदारांकडे बँकेने लक्ष द्यावे, हा त्यांचा आग्रह सहकाऱ्यांना पटला नाही. अखेर जियानिनी बाहेर पडले. १७ ऑक्टोबर १९०४ रोजी दीड लाख डॉलर भांडवलावर त्यांनी ‘बँक ऑफ इटली’ स्थापन केली. नॉर्थ बीच या इटालियन वस्तीतील एका जुन्या मद्यालयाच्या जागेत तिचे कामकाज सुरू झाले. कोळी, फेरीवाले, न्हावी, मजूर हे तिचे ग्राहक. त्यांपैकी अनेकांनी तोवर बँकेची पायरी चढलेली नव्हती.

भूकंपाच्या दिवशी जियानिनी शहराबाहेर सॅन मातेओ येथील घरी होते. काही अंतर रेल्वेने आणि उरलेले पायी तुडवून ते दुपारच्या सुमारास बँकेत पोहोचले. आग जवळ येत होती. सुमारे ८० हजार डॉलरची नाणी व नोटा त्यांनी भाजीच्या गाड्यांत भरल्या, वर संत्र्यांच्या पेट्या रचल्या आणि लुटारूंची नजर चुकवत रात्रीतून हा ऐवज घरी नेला.

मोठ्या बँकांची स्थिती निराळी होती. त्यांचा पैसा तिजोऱ्यांत सुरक्षित होता. पण तिजोऱ्या इतक्या तापल्या होत्या की, दार उघडताच आतील नोटा पेट घेण्याची भीती होती. त्या निवण्यासाठी काही आठवडे थांबणे भाग होते. शहरातील बँकरांच्या बैठकीत काही महिने व्यवहार बंद ठेवण्याचा सूर निघाला. जियानिनी यांनी त्याला विरोध केला. दोन पिंपांवर फळी टाकून त्यांनी धक्क्यावर उघड्यावर कामकाज सुरू केले.

यात धोका मोठा होता. बँकेच्या ठेवी हाती असलेल्या रोकडीच्या कितीतरी पट होत्या. सर्व ठेवीदार एकाच वेळी दारात उभे राहिले असते, तर बँक बुडाली असती आणि तिच्यासोबत गरिबांची पुंजीही. जियानिनी यांनी त्यावर अडत्याचा तोडगा काढला. कर्जदाराने मागितलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम बँकेने द्यायची, उरलेली त्याने स्वतः उभी करायची. त्यामुळे घराघरांत दडवून ठेवलेला पैसा बाहेर आला आणि ठेवींच्या रूपाने बँकेतही येऊ लागला. कागदपत्रे जळून गेली होती, तरीही ओळखीवर आणि शब्दावर कर्जे दिली गेली. लाकूड महागण्यापूर्वीच ते आणण्यासाठी त्यांनी जहाजांच्या कप्तानांना पैसे देऊन उत्तरेकडील बंदरांत पाठवले. शहराच्या फेरउभारणीचा मोठा भार विम्याच्या रकमांनी उचलला, हे खरे. परंतु त्या मिळण्यास विलंब लागला, काही विमा कंपन्या तर बुडाल्या. त्या मधल्या काळात नॉर्थ बीचमध्ये घरे उभी राहू लागली होती.

१९०७ च्या आर्थिक संकटाची चाहूल जियानिनी यांना आधीच लागली होती. त्यांनी सोन्याचा साठा केला आणि इतरत्र रोख मिळेनाशी झाली असताना ठेवीदारांना सोन्याची नाणी मोजून दिली. १९०९ मध्ये सॅन होजे येथे शाखा उघडून त्यांनी राज्यभर शाखांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. एका गावावर आपत्ती आली तर दुसऱ्या गावातील ठेवींनी तिला आधार द्यावा, हे या रचनेमागील सूत्र होते. १९३० मध्ये बँकेने ‘बँक ऑफ अमेरिका’ हे नाव धारण केले. महामंदीच्या काळात गोल्डन गेट पुलाचे रोखे घेण्यासही हीच बँक पुढे आली.

३ जून १९४९ रोजी सॅन मातेओ येथे जियानिनी यांचे निधन झाले. जगातील सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक उभारणाऱ्या या माणसाची मालमत्ता ५ लाख डॉलरहूनही कमी भरली. आपद्ग्रस्तांना अन्न-वस्त्र देऊन मदत संपत नाही, त्यांना कर्ज फेडू शकणारा माणूस म्हणून उभे करावे लागते, हे त्यांनी धक्क्यावरील त्या फळीमागे उभे राहून कृतीतून दाखवून दिले होते.