जीभ अडली, दर्स थांबला आणि पुन्हा सुरू झाला: इमाम गझाली (रह.) यांची अकरा वर्षे

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चपला शोधता शोधता आपण एकमेकांची विचारपूस करतो. घरचे बरे आहेत ना, कामधंदा कसा चाललाय, वगैरे. हल्ली या दुसऱ्या प्रश्नाला एक उत्तर वारंवार कानावर येते. काम चालू आहे, पगार वेळेवर होतो, पण मन लागत नाही. सांगणारा कधी शिक्षक असतो, कधी दुकानदार, कधी आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ. आळशी माणूस ही तक्रार करत नाही, हे आम्ही पाहिले आहे. ज्याने वर्षानुवर्षे जीव ओतून काम केले, तोच एक दिवस रिकामा होऊन बसतो.

अशा वेळी आम्हाला नऊशे वर्षांपूर्वीचा एक उस्ताद आठवतो. त्यांचे नाव अबू हामिद मुहम्मद अल-गझाली. इमाम गझाली (रह.) यांचे नाव आपल्या घराघरात माहीत आहे, त्यांचा ‘इहया उलूमुद्दीन’ हा ग्रंथ अनेक मदरशांच्या कपाटात असतो. पण हा ग्रंथ लिहिणारा माणूस कामावरून पार उठून गेला होता आणि त्याला परत यायला अकरा वर्षे लागली, ही गोष्ट आपण मुलांना क्वचितच सांगतो.

भाकरीसाठी धरलेला मदरसा

इमाम साहेबांचा जन्म हिजरी ४५० च्या, म्हणजे इ.स. १०५८ च्या सुमारास, आजच्या इराणमधल्या खुरासान भागातील तूस इथे झाला. वडील लोकर कातून विकायचे. स्वतः फारसे शिकलेले नव्हते, पण आलिमांच्या बैठकीत जाऊन बसायचे, त्यांची खिदमत करायचे. आपली मुले शिकावीत एवढी एकच हौस. अंतकाळ जवळ आला तेव्हा मुहम्मद आणि अहमद या दोन मुलांना त्यांनी एका सूफी मित्राच्या हवाली केले आणि जे थोडेफार पैसे होते ते त्याच्याकडे दिले.

पैसे संपले. तो मित्रही गरीबच. त्याने मुलांना सरळ सांगितले की आता मदरशात दाखल व्हा, तिथे विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते. म्हणजे ज्याला पुढे जगाने इस्लामचा पुरावा, हुज्जतुल इस्लाम म्हटले, तो मदरशाच्या दारात पहिल्यांदा गेला तो भाकरीसाठी. पुढे इमाम साहेब स्वतः हे मोकळेपणाने कबूल करायचे. आपण इल्मकडे अल्लाहसाठी गेलो नव्हतो, पण इल्मच अल्लाहशिवाय कुणाचे व्हायला तयार झाले नाही, अशा अर्थाचे ते बोलत. नियत आधी शुद्ध नसली तरी काम करता करता ती शुद्ध होऊ शकते, ही त्यांच्या आयुष्यातली पहिली शिकवण.

त्यांच्या तरुणपणाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. जुरजान इथून शिकून गावी परतताना वाटेत लुटारूंनी काफिल्याला गाठले. सगळे गेले, त्यात वहीची थैलीही गेली. तरुण गझाली लुटारूंच्या मागे धावले आणि सरदाराकडे फक्त आपल्या टिपणांची वही मागितली. सरदार हसला. जे इल्म चोराने नेल्यावर उरत नाही, ते तुझे कसले, अशा अर्थाचे काही बोलला आणि थैली परत दिली. गझालींनी घरी येऊन तीन वर्षे बसून ती सगळी टिपणे पाठ केली.

यशाच्या शिखरावर

पुढे निशापूरला त्यांना इमामुल हरमैन अल-जुवैनी यांच्यासारखा उस्ताद मिळाला. १०८५ मध्ये उस्तादांचा इंतकाल झाला, तेव्हा गझाली सल्जुक सल्तनतीचे वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबारात गेले. तिथे आलिमांचे मुनाजरे, म्हणजे जाहीर वादविवाद चालत. या तरुणापुढे कुणी टिकेना. १०९१ मध्ये वजिरांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य उस्ताद नेमले. वय अवघे ३३. त्या काळात याहून मोठी जागा नव्हती.

त्यांच्या दर्समध्ये तीनशे विद्यार्थी बसत. खलिफाच्या दरबारात मान, अंगावर उंची कपडे, फतव्यांसाठी लोकांची रीघ. दर्स आणि लेखनातून जो वेळ वाचे त्यात त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचून काढली आणि तत्त्वज्ञांच्या मतांचे खंडन करणारा ‘तहाफुतुल फलासिफा’ हा ग्रंथ लिहिला. आजच्या भाषेत बोलायचे तर कामात काही म्हणजे काही कमी नव्हते.

कमी होती ती आत. १०९२ मध्ये निजामुल मुल्क यांची हत्या झाली, त्याच वर्षी सुलतान मलिकशाहही वारले. गादीसाठी भांडणे सुरू झाली. ज्यांच्या भरवशावर हे वैभव उभे होते ते पाहता पाहता गेले. गझालींनी स्वतःला विचारायला सुरुवात केली की आपण जे शिकवतोय त्याचा आखिरतमध्ये किती उपयोग? आणि आपण शिकवतोय कशासाठी? प्रामाणिकपणे तपासले तेव्हा उत्तर मिळाले की नावासाठी आणि मानासाठी.

जीभ अडली

हिजरी ४८८ च्या रजब महिन्यात, म्हणजे जुलै १०९५ मध्ये, ओढाताण सुरू झाली आणि ती जवळजवळ सहा महिने चालली. सकाळी वाटायचे, सगळे सोडून निघून जावे. संध्याकाळी वाटायचे, एवढी जागा, एवढा मान पुन्हा मिळेल का? एक पाऊल पुढे, एक मागे. आपल्यापैकी ज्यांनी राजीनाम्याचा कागद लिहून खिशात ठेवला आणि परत फाडला, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

मग शरीरानेच निर्णय घेतला. जीभ अडली. एखाद्या दिवशी विद्यार्थ्यांचे मन राखण्यासाठी तरी शिकवावे म्हणून ते बसायचे, पण तोंडातून शब्द फुटत नसे. त्या दुःखाने अन्न उतरेना, पाण्याचा घोटही जड झाला. अंगातली ताकद गेली. हकीम आले, त्यांनी तपासले आणि हात टेकले. हा आजार मनात सुरू होऊन शरीरात उतरला आहे, मनावरचा भार उतरल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे त्यांचे निदान होते.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आपल्याकडे अशा माणसाला लगेच सांगितले जाते की ईमान कमजोर झाले, नमाज वाढव. इमाम गझालींपेक्षा दीन कुणाला जास्त कळत होता? तरी त्यांना हे झाले. त्यांनी दुआही केली आणि हकिमांनाही दाखवले. झोप उडाली, जेवण तुटले, तोंडातून शब्द निघेना, तर डॉक्टरकडे जाण्यात कसलीही लाज नाही.

जबाबदारी सोडून पळाले नाहीत

नोव्हेंबर १०९५ मध्ये त्यांनी बगदाद सोडले. हजला जातो असे सांगितले, मनात मात्र शामचा, म्हणजे सीरियाचा बेत होता. लोक अडवतील ही भीती होती. जवळची संपत्ती वाटून टाकली, पण बायकामुलांच्या गुजराणीपुरते मागे ठेवले. मदरशातला दर्स धाकटे भाऊ अहमद यांनी सांभाळला. हा तपशील महत्त्वाचा आहे. विरक्ती आली म्हणून त्यांनी घर वाऱ्यावर सोडले नाही.

लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणाले, नव्या सुलतानाशी बिनसले. काही इतिहासकार आजही म्हणतात की वजिरांची हत्या करणाऱ्या बातिनी गटाची भीती त्यामागे असावी. त्यांनी स्वतः मात्र आपल्या ‘अल-मुनकिज मिनद्दलाल’ या आत्मकथनात कारण आपल्या नियतमध्ये शोधले, दुसऱ्यांच्या वागण्यात नाही. नोकरीत मन लागत नाही तेव्हा आपण आधी साहेबाला, मग सहकाऱ्यांना, मग पगाराला दोष देतो. कधी तो खराही असतो. पण स्वतःला प्रश्न विचारायचे राहून जाते.

दमिश्कला ते दोन वर्षांच्या आसपास राहिले. उमय्या मशिदीच्या मिनारात चढायचे, दार आतून लावून घ्यायचे आणि दिवसभर एकांतात जिक्र करायचे. एक किस्सा असा सांगतात की तिथल्या मदरशात एक उस्ताद गझालींचे नाव घेऊन शिकवताना त्यांच्या कानी पडला. आपल्या मनात पुन्हा मोठेपणा शिरेल या भीतीने त्यांनी ते शहर सोडले. बैतुल मुकद्दसला गेले, तिथून अल-खलीलला. तिथे हजरत इब्राहीम (अ.स.) यांच्या मजारजवळ त्यांनी तीन गोष्टींचा निश्चय केला. सुलतानाचा पैसा घ्यायचा नाही, सुलतानाच्या दरबारात जायचे नाही, मुनाजरा करायचा नाही. नीट पाहा, या निश्चयात शिकवणे सोडण्याची गोष्ट नव्हती. ज्या तीन गोष्टींनी कामातला जीव खाल्ला होता, त्याच त्यांनी बाजूला काढल्या. मग मक्का, मदीना, हज.

एकांतातही घर होतेच

यानंतर मुलांची ओढ त्यांना घरी घेऊन आली. बगदादमार्गे ते तूसला परतले. पुढची वर्षे एकांताची होती, पण तो एकांत निवांत नव्हता. घरच्या गरजा, रोजीची काळजी, काळाचे फेरे यांमुळे मनाची शांती अधूनमधूनच मिळायची, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. अडथळा आला की मन भरकटायचे, मग ते पुन्हा परत बसायचे. इमाम गझालींनाही सलग शांतता मिळाली नाही, हे वाचून आम्हाला तर धीरच आला.

याच वर्षांत चाळीस भागांचा ‘इहया उलूमुद्दीन’ आकाराला आला. त्यात नियत आणि इखलासवर प्रकरण आहे, दिखाव्यावर आहे, तसेच रोजी कमावण्याच्या अदबवरही आहे. तिथे ते बाजारातल्या माणसाला सांगतात की दुकान उघडताना नियत बांधा. लोकांपुढे हात पसरावा लागू नये, बायकामुलांचे हक्क अदा व्हावेत, आणि समाजाला लागणारे एक काम आपल्या हातून पार पडावे. सगळ्यांनी धंदे सोडले तर लोकांचे जगणेच बंद पडेल, म्हणून कारागिरी आणि व्यापार हीसुद्धा फर्ज-ए-किफायाची कामे आहेत. हे मिनारात बसून आलेल्या माणसाने लिहिले आहे, हे विशेष. नंतर सामान्य लोकांसाठी त्यांनी फारसीत ‘कीमिया-ए-सआदत’ लिहिले.

परत दर्सला

हिजरी ४९९ मध्ये, इ.स. ११०६ साली, निजामुल मुल्क यांचे पुत्र वजीर फखरुल मुल्क यांनी त्यांना निशापूरच्या निजामियात शिकवायला बोलावले, तेही आग्रहाने, सुलतानाच्या हुकुमाने. गझाली अडखळले. जाणकार मित्रांचा सल्ला घेतला. सगळ्यांनी सांगितले की आता कोपऱ्यातून बाहेर या. लोकांचे ईमान डळमळते आहे, नवे शतक सुरू होते आहे, आणि इलाज माहीत असलेल्याने दार लावून बसणे बरोबर नाही. अकरा वर्षांनी ते पुन्हा दर्सला बसले. दरबारापासून लांब राहण्याच्या निश्चयाला थोडी मुरड पडली खरी, आणि त्याची रुखरुख त्यांना होती.

काम तेच होते. तशीच निजामिया, तसेच विद्यार्थी. पण त्यांनी स्वतः म्हटले आहे की हे जुन्या ठिकाणी परतणे नव्हे. आधी ते मान मिळवून देणारे इल्म शिकवत होते, आता मान सोडायला शिकवणारे. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचे सार इथे आहे. त्यांचे गेलेले मन नवी नोकरी शोधून परत आले नाही, त्याच कामाचे कारण बदलल्यावर आले.

फखरुल मुल्क यांचीही लवकरच हत्या झाली. काही काळाने इमाम साहेब तूसला परतले. घराशेजारी एक मदरसा आणि एक खानकाह उभी केली. बगदादहून पुन्हा मोठ्या जागेचे बोलावणे आले, ते त्यांनी नम्रपणे नाकारले. शेवटच्या दिवसांत ते बुखारी आणि मुस्लिमच्या हदीस नव्याने अभ्यासत होते. म्हणजे जगाचा उस्ताद पुन्हा विद्यार्थी झाला होता. डिसेंबर ११११ मध्ये एका सोमवारी त्यांनी वुजू केला, फजरची नमाज अदा केली, कफन मागवून डोळ्यांना लावले आणि किब्ल्याकडे तोंड करून आडवे झाले, असे त्यांच्या भावाने सांगितल्याचे नमूद आहे. वय जेमतेम ५३.

आपल्यासाठी

कुणी हे वाचून उद्याच राजीनामा देऊ नये. इमाम साहेबांना दर्स सांभाळणारा भाऊ होता, घरासाठी ठेवायला पैसे होते. आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, मुलांची फी आहे. दमिश्कचा मिनार सगळ्यांना मिळत नाही. पण फजरनंतरची पंधरा मिनिटे मिळू शकतात. त्यात आपण तीन प्रश्न स्वतःला विचारू शकतो. हे काम मी कुणाला दाखवण्यासाठी करतोय? कामातला जीव नेमक्या कोणत्या गोष्टी खातात, आणि त्यातली एक तरी मी सोडू शकतो का? माझ्या कामामुळे कुणाची गरज भागते?

आणि घरच्यांनाही एक विनंती. अब्बा, भाईजान किंवा घरची कमावती लेक कामावरून येऊन गप्प बसत असेल, तर टोमणा मारू नका. जेवण झाले का, झोप लागते का, एवढे तरी विचारा. बगदादमध्ये तीनशे विद्यार्थ्यांसमोर बसलेल्या त्या उस्तादाची जीभ अडली होती, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्यांना त्यांचे सगळे छान चालले आहे असेच वाटत होते.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत आणि कामात इखलास देवो. आमीन.