सोनेरी केसांमागची नोर्मा जीन

मैत्रिणींनो, काळ्या-तपकिरी केसांत मधे मधे जाड सोनेरी बटा काढायची सोय आता तालुक्याच्या पार्लरमध्येही झालीय. ब्रश, चांदीचा कागद, दोन-तीन तास बसायची तयारी आणि मग आरशात वेगळीच बाई! पण केसांच्या रंगाने जिचं अख्खं आयुष्य बदललं, ती म्हणजे हॉलिवूडची मेरिलिन मन्रो.

तिचं खरं नाव नोर्मा जीन. जन्म १ जून १९२६, लॉस एंजेलिसचा. वडिलांचा आधार नाही. आई फिल्मच्या निगेटिव्ह कापायचं काम करायची. तिला मानसिक आजार झाला आणि पोर कधी या घरी, कधी त्या घरी, कधी अनाथाश्रमात अशी वाढली. पुढे सांभाळणारं कुटुंब दुसऱ्या राज्यात निघालं आणि तिला सोबत नेता येईना. पुन्हा अनाथाश्रम नको म्हणून १९४२ मध्ये, सोळा वर्षं पुरी होताच, शेजारच्या मुलाशी तिचं लग्न लावून दिलं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. नवरा बोटीवर गेला आणि ती लष्करासाठी छोटी विमानं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागली. युद्धकाळात काम करणाऱ्या बायकांचे फोटो काढायला एक फोटोग्राफर तिथे आला, त्याने हिचेही काढले. १९४५ मध्ये ती एका मॉडेलिंग एजन्सीत दाखल झाली. तेव्हा तिचे केस तपकिरी आणि कुरळे होते. काम जास्त मिळावं म्हणून ते सरळ करून सोनेरी केले गेले. १९४६ मध्ये घटस्फोट झाला, फॉक्स स्टुडिओचा करार मिळाला आणि नवं नावही मिळालं. त्यातलं मन्रो हे आईचं माहेरचं आडनाव.

पण हा सोनेरी रंग फुकटचा नव्हता, बरं का! तपकिरी केस सोनेरी करायचे तर नुसता रंग लावून भागत नाही. आधी ब्लीच करून केसातला मूळ रंगच काढावा लागतो. त्यात केस कोरडे पडतात, आणि महिन्याभरात मुळाशी सेंटीमीटरभर तपकिरी रंग परत डोकावतोच. बटा काढल्या तर निदान बाकीचे केस वाचतात. मेरिलिनचं मात्र अख्खं डोकं ब्लीच व्हायचं, तेही पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं.

केसांपेक्षा मोठी किंमत वेगळीच होती. सोनेरी केस म्हणजे दिसायला छान आणि डोक्याने रिकामी, असा लोकांचा समज. तिला भूमिकाही तशाच मिळत गेल्या. १९५३ च्या ‘जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मध्ये नावातच सोनेरी केस, पण गडद केसांच्या सहनायिकेला, जेन रसेलला, हिच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळाले!

खरी मेरिलिन पुस्तकवेडी होती. १९५१ मध्ये तिने विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गांना जाऊन साहित्य आणि कला यांचा अभ्यास केला. १९५४ मध्ये त्याच त्या साच्यातला सिनेमा तिने नाकारला, तेव्हा स्टुडिओने तिला निलंबित केलं. ती डगमगली नाही. सरळ न्यूयॉर्क गाठलं, स्वतःची निर्मिती कंपनी काढली आणि एवढी मोठी तारका असून अभिनयाच्या वर्गात जाऊन बसली. अखेर १९५५ सरताना स्टुडिओ नमला. सिनेमामागे एक लाख डॉलर आणि दिग्दर्शक मान्य करायचा हक्क, असा नवा करार तिने मिळवला.

घर मात्र काही लाभलं नाही. तीन लग्नं मोडली, मूल झालं नाही, झोपेच्या गोळ्या सुटल्या नाहीत. ४ ऑगस्ट १९६२ च्या रात्री अशाच गोळ्यांच्या अतिसेवनाने ती गेली. वय अवघं छत्तीस.

तर मैत्रिणींनो, हौस म्हणून सोनेरी बटा जरूर काढा. आधी कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट बघा, खाज किंवा पुरळ आलं तर नाद सोडा. आणि आपल्या केसांचा रंग आपणच ठरवा. नोर्मा जीनला रंग दुसऱ्यांनी सुचवला होता. त्या रंगाने तिच्यासाठी दार उघडलं खरं, पण आत गेल्यावर आपली जागा मिळवायला तिला स्वतःलाच झगडावं लागलं.