परीक्षेची भीती आणि शवासन : स्वामी कुवलयानंदांची आठवण



दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्यात. घरोघरी टीव्ही बंद, आणि मुलांपेक्षा आयाच जास्त घाबरलेल्या. गेल्या वर्षी अकरावीच्या पेपरच्या आदल्या रात्री माझी भाची हातपाय गार पडून बसली होती. अभ्यास सगळा झालेला, पण काही म्हणता काही आठवेना. मी तिला शवासनात झोपवलं, तर ती नुसती चुळबुळत राहिली. असं का झालं, ते मला स्वामी कुवलयानंदांचं चरित्र वाचताना कळलं.

स्वामीजींचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 1883 चा, आपल्या बडोद्याजवळच्या डभोईचा. घरची गरिबी, पण मुलगा हुशार. 1903 मध्ये मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. म्हणजे परीक्षा काय असते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं! पुढे बडोद्यातच कॉलेज केलं, आणि जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमावलं. नंतर खानदेशात अमळनेरला बरीच वर्षं शिक्षकी केली.

1919 मध्ये नर्मदाकाठी मालसर इथे त्यांना परमहंस माधवदासजी भेटले आणि आयुष्याची दिशाच बदलली. गुरूंकडून योग शिकले. श्रद्धा पूर्ण होती, तरी मनात प्रश्न होता, की या क्रियांनी शरीरात नेमकं काय घडतं? 1920-21 च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौलीवर प्रयोग केले, क्ष-किरणांनी तपासलं. गुरूंनी दिलेलं तपासून पाहणं म्हणजे गुरूंवर अविश्वास, असं त्यांना वाटलं नाही. उलट नौलीच्या वेळी पोटात जो कमी दाब तयार होतो, त्याला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं! 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झालं. योग शाळा-कॉलेजांतल्या मुलांपर्यंत जावा म्हणून ते 1966 मध्ये देह ठेवेपर्यंत झटले.

आता शवासनाचं. हठयोगप्रदीपिकेत ते थकवा घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं म्हणून सांगितलंय. दिसायला सगळ्यात सोपं, नुसतं उताणं पडायचं. पण स्वामीजींनी ते शिकायची गोष्ट मानली. एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, तिथले स्नायू सैल सोडायचे, मग श्वासाकडे लक्ष द्यायचं. सैल सोडणंसुद्धा सवयीनेच येतं. माझी चूक इथेच झाली होती. जे कधी केलंच नाही, ते ऐन भीतीच्या रात्री कसं जमणार?

भीती वाटली की छाती धडधडते, खांदे आवळतात, श्वास वरच्यावर होतो. मग वाचलेलंही आठवत नाही. श्वास संथ झाला, अंग सैल झालं, की मनही हळूहळू खाली बसतं.

म्हणून आपण घरात एवढं करू या :

१. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटं शवासन. पायांपासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडायचा.

२. मग श्वास सहज चालू द्यायचा, सोडताना थोडा लांबवायचा. मुलांनी श्वास रोखून धरायचा नाही. कुंभक जाणकाराशिवाय नको.

३. पेपर हातात आला की लगेच लिहायला न धावता पाच-सहा संथ श्वास, खांदे सैल, मग वाचन.

४. आयांनीही शेजारी पडावं. आपली धडधड मुलांना लागते हो!

शवासनाने न केलेला अभ्यास होत नाही. केलेला मात्र वेळेवर हाती लागायला मदत होते. आणि एखादं मूल सतत जेवत-झोपत नसेल, रडत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नये.

भाची यंदा बारावीला आहे. दिवाळीपासून रोज करतेय. निकाल देवाच्या हाती, पण रात्री झोप शांत लागते. मला एवढं पुष्कळ आहे.

सगळ्या परीक्षार्थी मुलांना आशीर्वाद.

– एक गुरुभगिनी, बडोदे