ससूनसाहेब आणि बगदादचा ‘अंबा’

पुण्याचं ससून हॉस्पिटल, कुलाब्याचा ससून डॉक, काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी... ही नावं आपण सर्वांनीच ऐकलेली आहेत. पण मित्रांनो, या आडनावाचा इराकच्या जेवणाशीही संबंध आहे! इराकमध्ये उकडलेली अंडी आणि हरभऱ्याचे तळलेले वडे पावात भरून खातात आणि त्यावर एक पिवळंजर्द आंबट लोणचं घालतात. कैरी, हळद, मेथी, मीठ, व्हिनेगर. नाव काय, तर ‘अंबा’! तिथल्या लोकांसाठी तो पक्का घरचा, पारंपरिक पदार्थ. आणि जाणकार तो शब्द आपल्या मराठी आंब्यापर्यंत नेऊन पोचवतात.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ मध्ये बगदादच्या एका ज्यू घराण्यात झाला. वडील पाशाचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख, त्यामुळे घरी कशाची ददात नव्हती. पण दाऊद पाशाच्या काळात छळ सुरू झाला आणि डेव्हिड यांना बसऱ्यामार्गे इराणच्या बुशहर बंदरात पळून जावं लागलं. म्हातारे वडील मागाहून आले आणि १८३० मध्ये तिथेच वारले. १८३२ च्या सुमारास डेव्हिड बायकामुलांना घेऊन मुंबईत उतरले. वय चाळीस! म्हणजे सगळा सिलॅबस बदलल्यावर पुन्हा फर्स्ट इयरपासून सुरुवात.

काही वर्षांतच ते मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांत गणले जाऊ लागले. कापूस, कापड आणि अफू हा त्यांचा धंदा. चीनला जाणाऱ्या अफूचा या संपत्तीत मोठा वाटा होता, हे लपवून उपयोग नाही. शाळा, हॉस्पिटल, लायब्ररी यांना दिलेल्या देणग्याही याच तिजोरीतून आल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१८५३ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले, पण फेटा आणि लांब झगा काही सोडला नाही. लायब्ररीतला त्यांचा पुतळासुद्धा त्याच वेषात आहे. बगदादी ज्यूंनी स्वयंपाकघरही असंच जपलं. शनिवार हा त्यांचा पवित्र दिवस, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. मग शुक्रवारीच कोंबडीत भात-मसाला भरून भांडं मंद निखाऱ्यांवर ठेवायचं, ते रात्रभर शिजत राहायचं. याला ‘तबीत’ म्हणतात. मांसाबरोबर दूधदुभतं त्यांना चालत नाही. इथे आल्यावर नारळाचं दूध सापडलं आणि तो प्रश्नही सुटला!

देवाणघेवाण मात्र त्याआधीपासूनची आहे. आमच्या मीरा रोडच्या शांती नगरमध्ये फरसाणवाल्याकडे गरमागरम समोसा मिळतो, त्याचा पूर्वज ‘संबूसज’ बगदादच्या दहाव्या शतकातल्या पाकपुस्तकात आहे. तो तिकडून इकडे आला आणि बटाटा भरून आपला झाला. अंबा इकडून तिकडे गेला. सांगतात, की ससून घराण्याने मुंबईहून व्हिनेगरच्या पिंपांत कैऱ्या भरून बगदादला पाठवल्या आणि त्यातून हे लोणचं जन्मलं. गोष्ट छान आहे, पण सगळं श्रेय एका घराण्याला द्यायला माझं मन तयार होत नाही. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूताने या फळाला ‘अंबा’ असंच म्हटलंय आणि कैऱ्या मिठात घालण्याची रीतही लिहून ठेवलीय. बसरा आणि आपला पश्चिम किनारा यांच्यात जहाजांची ये-जा फार जुनी. जो रस्ता खलाशांनी आधीच पाडला होता, त्याच रस्त्याने ससून आले.

पण चव वाटून घेणारी माणसं प्रत्येक गोष्ट वाटून घेतात असं नाही. कोकणातले बेने इस्राएल हेही ज्यूच, पण मराठी बोलणारे. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी मुंबईच्या दफनभूमीत त्यांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालण्यासाठी सरकारकडे अर्ज केला! स्वतः परागंदा झालेल्यांनी असं करावं, हे वाचून वाईट वाटलं.

डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले. पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. पुढे १९५०-५१ मध्ये इराकमधल्या सुमारे सव्वा लाख ज्यूंना देश सोडावा लागला. बहुतेक जण इस्राएलला गेले आणि त्यांच्याबरोबर अंबाही गेला. आज तिथेही तो वांग्याच्या सँडविचवर घालतात, आणि इराकमध्येही खातात. घर, मालमत्ता, नागरिकत्व सगळं जप्त करता येतं, पण जिभेवरची चव कोणत्या पाशाला जप्त करता येणार? हॉस्टेलच्या मेसमध्ये लोणच्याची बरणी एकमेकांकडे सरकवताना एवढं आठवलं तरी पुरे.