पांडुरंग वासुदेव सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (२७ जुलै १९११ – १९९७) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ आणि पोषणविषयाचे अभ्यासक होते. नमुना पाहणीचे शास्त्र भारतीय शेतीत रुजविण्याचे आणि जगातील उपासमार मोजण्याची पद्धत घडविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. अपुऱ्या आहारावर वाढलेल्या मुलांची कमी उंची हे कुपोषणाचे लक्षण मानावे की शरीराने साधलेले अनुकूलन, या प्रदीर्घ वादाच्या केंद्रस्थानी त्यांचे उत्तरायुष्यातील संशोधन होते.

जीवन

सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणितातील पदवी घेतल्यावर ते लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या वेळी रोनाल्ड फिशर, येझी नेमन आणि इगॉन पिअर्सन हे तिघेही काम करीत होते. आधुनिक संख्याशास्त्र घडत असतानाच ते शिकण्याची संधी सुखात्मे यांना मिळाली. तेथे त्यांनी १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. या पदव्या संपादन केल्या.

भारतात परतल्यावर काही काळ कलकत्त्यात अध्यापन करून ते १९४० मध्ये कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. शेतातील लहानसा तुकडा कापून त्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधताना तुकडा किती मोठा घ्यावा, यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी मतभेद झाला. तुकडा फार लहान असल्यास कडेची रोपे त्यात ओढली जातात आणि उत्पन्न फुगलेले दिसते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. त्यांच्या विभागातूनच पुढे दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था आकारास आली.

१९५१ पासून सुमारे दोन दशके ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून रोम येथे होते. जगातील दोनतृतीयांश लोक भुकेले आहेत, असे त्या काळी सर्रास सांगितले जाई. १९६१ मध्ये सुखात्मे यांनी उष्मांकांची तूट असलेल्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के काढले. आहाराच्या निकृष्ट दर्जामुळे कुपोषित असणारे धरून हा आकडा निम्म्यापर्यंत जातो, असे त्यांचे अनुमान होते. भारतातील प्रथिनांची उणीव ही बहुतांशी अन्नच अपुरे पडल्याचा परिणाम आहे, हे त्यांचे मत तेव्हा लोकप्रिय नव्हते. पुढे ते बऱ्याच अंशी स्वीकारले गेले.

उंचीचा वाद

निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक होऊन सुखात्मे यांनी नवी मांडणी केली. एकाच निरोगी माणसाचा आहार दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बदलतो, तरी त्याचे वजन व कार्यक्षमता टिकून राहते. शरीर काही मर्यादेत स्वतःच खर्चाचा मेळ घालते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, तर या मर्यादेच्या तळाखाली गेलेलाच ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन शास्त्रज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी या विषयावर लेखन केले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० उष्मांकांवर आधारलेली दारिद्र्यरेषा मांडली होती. तळाची मर्यादा धरली की गरिबांची संख्या एकदम घटते, त्यामुळे हा वाद केवळ तांत्रिक राहिला नाही. दांडेकरांनी १९८१ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले.

सुखात्मे यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी याच विचाराचे टोक गाठले. सौम्य व मध्यम प्रमाणात खुरटलेली मुले लहान असली तरी निरोगी असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही संज्ञा सेक्लर यांची असली तरी पुढे ती सुखात्मे यांच्याही नावाशी जोडली गेली. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर कठोर टीका केली: ठेंगणेपण गरिबांना पुरेसे आणि श्रीमंतांना मात्र अपुरे, असा दुहेरी न्याय त्यात त्यांना दिसला. ठेंगण्या मातांच्या पोटी कमी वजनाची बाळे अधिक जन्मतात आणि अंगमेहनतीच्या कामात लहान देहाची मजुरी घटते, हेही टीकाकारांनी पुढे आणले.

वादाचा एक धागा किशोरवयाशी निगडित होता. उंची सर्वाधिक वेगाने पहिल्या दोन वर्षांत वाढते. त्यानंतरची मोठी झेप वयात येताना येते. मुलींमध्ये ती साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास, तर मुलग्यांमध्ये सुमारे दोन वर्षे उशिरा शिखरावर असते आणि तेव्हा मुलगे वर्षाला ९ ते १० सेंटिमीटरही वाढतात. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मिटल्या की उंची थांबते. अर्धपोटी मुले उशिरा वयात येतात, त्यामुळे त्यांना वाढीस अधिक वर्षे मिळतात. तरी बालपणीची तूट सहसा पूर्ण भरून निघत नाही. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या अभ्यासात तर त्या चांगल्या आहारावर भराभर वाढल्या, पण लवकर वयात आल्यामुळे अनेकींची अंतिम उंची कमीच राहिली. देह परिस्थितीशी जुळवून घेतो, हे सुखात्मे यांचे सूत्र यातून खोटे ठरत नाही. मात्र त्या जुळवणुकीची किंमत मोजावी लागते, हे दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून पाच वर्षांखालील वाढीची मानके प्रसिद्ध केली. अनुकूल परिस्थितीत या सर्व देशांतील मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यातून आढळले. दुसरीकडे, केवळ अन्न वाढवून भागणार नाही, शुद्ध पाणी व स्वच्छता नसेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, हा सुखात्मे यांचा आग्रह आज पोषणशास्त्रात सर्वमान्य आहे. वादाच्या धुरळ्यात त्यांच्या विचारातील हा भाग दुर्लक्षित राहिला.

सन्मान

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय रौप्यपदक आणि भारत सरकारचा पद्मभूषण (१९७१) हे सन्मान त्यांना लाभले. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयातर्फे ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांना त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.