ॲलन ट्यूरिंग आणि यंत्राची अपुरी स्मृती

पेरुंगुडीच्या राजीव गांधी मार्गावरील संगणक-कचेऱ्यांत आज जी आज्ञावली लिहिली जाते, तिचा कोणता भाग कोणत्या क्षणी यंत्राच्या स्मृतीत आहे, ही विवंचना लिहिणाऱ्याला सहसा नसते. एके काळी ती प्रत्येकालाच होती. तिला प्रथम नियमबद्ध रूप देणाऱ्यांमध्ये ॲलन ट्यूरिंग यांची गणना करावी लागेल. युद्धकाळातील गुप्तलिपीची उकल आणि अकाली मृत्यू यांमुळे ते सर्वश्रुत झाले. त्यांचे मँचेस्टर येथील हे कार्य मात्र त्या मानाने झाकोळलेले राहिले.

ट्यूरिंग यांच्या घराण्याचा मद्रास इलाख्याशी निकटचा संबंध होता. त्यांचे मातामह एडवर्ड स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. आई एथेल यांचा जन्म १८८१ साली पोदनूर येथे झाला. वडील ज्युलियस याच इलाख्यात सनदी अधिकारी होते, आणि थोरले बंधू जॉन १९०८ साली कुन्नूरला जन्मले. ॲलन यांचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्यांच्या रीतीप्रमाणे दोन्ही मुलांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवण्यात आले. आईवडील रजेवर येत आणि पुन्हा मद्रासकडे निघून जात.

केंब्रिजमधील शिक्षण, १९३८ साली प्रिन्स्टनची डॉक्टरेट आणि ब्लेचली पार्क येथील युद्धकार्य यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, १९३६ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी कल्पिलेल्या यंत्राला हवी तितकी लांब फीत उपलब्ध होती. कागदावरील यंत्राला जागेची वाण नसते. १९४८ साली ते मँचेस्टर विद्यापीठात आले तेव्हा त्यांची गाठ खऱ्या यंत्राशी पडली.

फेरांटी कंपनीने १९५१ च्या फेब्रुवारीत तेथे बसविलेल्या यंत्राची शीघ्र स्मृती आठ नळ्यांत सामावलेली होती. प्रत्येक नळीत वीस अंकांच्या चौसष्ट ओळी मावत, आणि एवढ्या मजकुराला पान म्हणत. थोडीशी मोठी आज्ञावली या आठ पानांत बसणे अशक्य. शेजारी फिरणाऱ्या चुंबकीय ढोलावर जागा कितीतरी अधिक होती. परंतु ढोलावरील आज्ञा यंत्राला थेट पाळता येत नसे, ती आधी नळीत आणावी लागे. यावर ट्यूरिंग यांनी जी व्यवस्था बांधली तिचे वर्णन त्यांनी त्याच वर्षी सिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत आढळते. आज्ञांची एक छोटी मालिका शीघ्र स्मृतीत कायम ठेवावयाची. एका उपक्रमाला दुसऱ्याची गरज लागली की, ही मालिका परतीची खूण जपून ठेवी, हवा तो उपक्रम ढोलावरून आणून जुन्याच्या जागी मांडी आणि काम संपताच पहिल्याला परत बोलावी. सुट्या पानांची पोथी वाचणाऱ्याला हे नवे वाटू नये : चौरंगावर एकच पान, बाकीची बासनात. फरक इतकाच की, येथे चौरंगावरील पान नव्या पानाने पुसले जाई. म्हणून बदललेली सामग्री आधी ढोलावर उतरवून ठेवणे भाग पडे. पुढे हेच तंत्र ओव्हरले या नावाने रूढ झाले.

या व्यवस्थेचा भार माणसावर मोठा पडे. यंत्राची बत्तीस चिन्हांची लिपी, तीही कनिष्ठ अंक आधी लिहिण्याची, प्रत्येकाने मुखोद्गत करावी असा ट्यूरिंग यांचा आग्रह असे. तो त्यांना स्वतःला सुकर होता. इतरांना जाचक वाटला असल्यास नवल नाही. मार्गदर्शिकाही दुर्बोधच म्हणावी लागेल, आणि तिच्यातील चुका निस्तरण्याचे काम पुष्कळसे त्यांच्या सहकारी सिसिली पॉपलवेल यांच्या वाट्याला आले. तरीही ती वाचून ख्रिस्तोफर स्ट्रेची या शाळाशिक्षकाने सोंगट्यांच्या खेळाची प्रदीर्घ आज्ञावली रचली. स्ट्रेची यांनीच १९५२ साली या यंत्राकडून प्रेमपत्रेही जुळवून घेतली. त्यासाठी लागणारी यादृच्छिक अंकांची सोय ट्यूरिंग यांच्या सूचनेवरून यंत्रात आलेली होती. साहित्याच्या अभ्यासकांनी या पत्रांची दखल घ्यावयास हवी.

ट्यूरिंग यांचे मन एव्हाना सजीवांच्या आकारनिर्मितीकडे वळले होते, व त्या गणितासाठीही हेच यंत्र त्यांनी राबविले. त्याच वर्षी समलिंगी संबंधांवरून न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि तुरुंगाऐवजी संप्रेरकांचे उपचार त्यांच्यावर लादले गेले. ज्या राष्ट्राची त्यांनी युद्धात सेवा केली त्याने त्यांना दिलेली ही वागणूक लाजिरवाणी होती. राजमाफी मिळाली ती २०१३ साली. ७ जून १९५४ रोजी विल्म्सलो येथील घरी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला.

त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये टोनी ब्रूकर यांची ऑटोकोड भाषा उपयोगात आली आणि ढोल व नळी यांतील ने-आण लिहिणाऱ्याच्या नजरेआड गेली. १९६२ साली तेथेच उभ्या राहिलेल्या ॲटलस यंत्राने पाने बदलण्याचे काम पूर्णपणे स्वतःकडे घेतले. ॲटलसचे पान पाचशे बारा शब्दांचे होते. लहान यंत्रांवर मात्र ओव्हरले हाताने बेतण्याची पाळी १९८० च्या दशकातही आज्ञावलीकारांवर येत राहिली.