स्पेन्सर फुलर्टन बेअर्ड

स्पेन्सर फुलर्टन बेअर्ड (३ फेब्रुवारी, १८२३ - १९ ऑगस्ट, १८८७) हे अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ, स्मिथसोनियन संस्थेचे दुसरे सचिव आणि अमेरिकेच्या मत्स्य आयोगाचे पहिले आयुक्त होते. घटत चाललेल्या किनारी माशांच्या रक्षणासाठी विणीच्या हंगामात मासेमारीवर निर्बंध घालावेत, अशी शिफारस त्यांनी शास्त्रीय पाहणीच्या आधारे केली.

जीवन
बेअर्ड यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग येथे झाला. डिकिन्सन महाविद्यालयातून १८४० साली पदवी घेतल्यावर पुढे ते तेथेच निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. १८५० मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेत साहाय्यक सचिव म्हणून रुजू झाले. जोसेफ हेन्री यांच्या निधनानंतर १८७८ साली सचिवपद त्यांच्याकडे आले.

मत्स्य आयोग
न्यू इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्कप आणि खडकाळ तळाशी राहणारा टॉटॉग हे मासे कमी होत असल्याची गळाने मासेमारी करणाऱ्यांची तक्रार होती. किनाऱ्यालगत खांब रोवून लावलेल्या मोठ्या स्थिर जाळ्यांना ते दोष देत. जाळ्यांचे मालक तो नाकारत. या वादाच्या पार्श्वभूमीवर अमेरिकी काँग्रेसने फेब्रुवारी १८७१ मध्ये मत्स्य आयोग स्थापन केला. आयुक्तपदाचे काम बेअर्ड यांनी वेगळे वेतन न घेता केले.

त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथे तळ ठोकून त्यांनी दोन्ही पक्षांच्या साक्षी नोंदवल्या. सागरतळावरील जीवांची पाहणी ॲडिसन व्हेरिल यांच्याकडे होती. मासे खरोखरच घटले आहेत, असा निष्कर्ष १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आहे. ब्लूफिश या शिकारी माशाचा उपद्रव हे घटीचे एक कारण होते. तथापि वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी किनाऱ्याकडे येणारे मासे स्थिर जाळ्यांत आधीच पकडले जात, हे माणसाला आवरता येण्याजोगे कारण होते. म्हणून विणीच्या हंगामात दर आठवड्याला शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत ही जाळी बंद ठेवावीत, असे बेअर्ड यांनी सुचवले. जाळेधारकांचा व्यवसाय चालू राहावा आणि काही माशांना अंडी घालण्यास वाट मिळावी, असा या सूचनेचा हेतू होता.

किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे नियमन राज्यांच्या अखत्यारीत होते. संबंधित राज्यांनी ही शिफारस कायद्यात उतरवली नाही. १८७२ साली काँग्रेसने मत्स्यबीज उत्पादनासाठी १५,००० डॉलर मंजूर केल्यानंतर आयोगाचा भर निर्बंधांऐवजी कृत्रिम पैदाशीकडे वळला.

वारसा
आयोगासाठी १८८२ मध्ये ‘अल्बट्रॉस’ हे संशोधन जहाज बांधण्यात आले आणि १८८५ मध्ये वुड्स होल येथे कायमस्वरूपी प्रयोगशाळा उभी राहिली. तेथेच बेअर्ड यांचे निधन झाले. अमेरिकेची आजची राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवा आपला आरंभ १८७१ च्या आयोगापासून मानते. विणीच्या काळात मासेमारी थांबवण्याचा उपाय आज अनेक देशांत कायद्याने लागू आहे.